जुनी मानदुखी: गळ्यातला पट्टा उतरवा, टॉवेल घ्या

मान धरली की घरोघरी ठरलेला क्रम असतो. आधी बाम, मग गरम पाण्याची पिशवी, मग उशी बदलून बघणं, मग शेजारच्या काकूंनी सांगितलेलं तेल. आठवड्या-दोन आठवड्यांत दुखणं थांबतं आणि विषय मिटतो. हा लेख ज्यांचा विषय मिटलेला नाही त्यांच्यासाठी आहे. मान तीन महिन्यांहून जास्त दिवस दुखत असेल किंवा दर महिन्या-दीड महिन्याला पुन्हा अवघडत असेल, तर ती जुनी मानदुखी, आणि तिचे नियम वेगळे. नव्या दुखण्यात दोन दिवस आराम चालतो. जुन्या दुखण्यात आराम हाच दुखण्याचा खुराक होऊन बसतो.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे व्यायाम यांत्रिकपणे होणार नाहीत. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो, म्हणजे पाच किलोच्या कणकेच्या पिशवीइतकं. ते मानेच्या सात मणक्यांवर तोललेलं असतं. घशाच्या मागे, मणक्यांना अगदी चिकटून काही छोटे स्नायू असतात, ते दिवसभर ही तोलण्याची नोकरी करतात. दुखणं लांबलं की हे खोलातले स्नायू कामचुकार होतात. मग त्यांचा भार वरचे मोठे स्नायू उचलतात: कानामागून निघून छातीच्या हाडाकडे येणारा दोरीसारखा स्नायू आणि मानेपासून खांद्याकडे उतरणारा ट्रपिझियस. हे मोठे स्नायू जोर लावायला असतात, दिवसभर तोलून धरायला नव्हे. ते दमतात, कडक होतात, त्यांत गाठी लागतात. मालिश केल्यावर बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याचं कारण हे. मालिश दमलेल्या गड्याची पाठ चोळून देते, पण ज्याने काम टाकलंय त्याला कामावर आणत नाही.

आणण्याचा मार्ग एकच: रोज, मोजून, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम. त्याला साधारण बारा आठवडे द्यावे लागतात.

घरी व्यायाम सुरू करू नका, आधी डॉक्टर गाठा, जर...

शर्टची बटणं लावताना, सुईत दोरा ओवताना बोटं पूर्वीसारखी चालत नसतील. चालताना तोल जात असेल, पाय जड वाटत असतील. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि मागे वळून पाहिल्यावरच कळतं, ही तक्रार तर विशेष लक्षात ठेवा. ती मानेशी जोडून सहसा कुणी सांगत नाही, पण मानेतला मज्जारज्जू दाबला जातोय याची ती खूण असू शकते. लघवी-शौचावरचा ताबा कमी होणंही त्यातलंच.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी आणि कुठल्याही स्थितीत न थांबणारी वेदना असेल, तर मणक्याचा क्षयरोग किंवा गाठ नाही ना हे पाहावं लागतं. आपल्याकडे क्षयरोग ही दूरची शक्यता नाही. आधी कर्करोग होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. गाडीवरून पडल्यानंतर मानदुखी सुरू झाली असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय मान हलवू नये. हात किंवा बोटं दिवसेंदिवस अशक्त होत असतील, तर थांबण्यात अर्थ नाही.

आणि काही गोष्टींत तर थेट इस्पितळ. पूर्वी कधीच न झालेली, अचानक उठलेली मान-डोक्याची तीव्र वेदना आणि सोबत एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं किंवा चेहरा वाकडा होणं. तापात मान ताठ होणं. छातीत दडपण, घाम आणि जबड्या-मानेकडे सरकणारी कळ, जी मानेची नसून हृदयाची असू शकते.

रिपोर्टमधल्या शब्दांना किती घाबरायचं?

'मणके झिजलेत', 'गॅप आलाय', 'नस दबली आहे' ही तीन वाक्यं ऐकून माणूस अर्धा खचतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या एका अभ्यासात मानेचा काहीही त्रास नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) कुठे ना कुठे फुगलेल्या दिसल्या. म्हणजे चकती फुगणं हे बऱ्याचदा केस पिकण्यासारखं असतं, वय दाखवतं, आजार नव्हे. रिपोर्टमध्ये दिसलेलं आणि तुम्हाला होणारं एकमेकांशी जुळतंय का, हे तपासणाऱ्याने ठरवायचं असतं.

जाता जाता: बहुतेकांना झालेला असतो तो स्पॉन्डिलोसिस, म्हणजे वयोमानाने होणारे बदल. 'स्पॉन्डिलायटिस' म्हणजे मणक्यांची सूज, तो वेगळा आजार. बोलताना मात्र सगळे सर्रास स्पॉन्डिलायटिसच म्हणतात आणि उगाच मोठ्या आजाराचं ओझं वाहतात.

नस खरोखर चिडली असेल तर वेदना हातात उतरते, मुंग्या येतात. कुठल्या बोटात येतात ते नीट पाहून ठेवा. ढोबळमानाने अंगठ्याकडे येत असतील तर मानेतली सहावी नस, मधल्या बोटात सातवी, करंगळीकडे आठवी. हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटत असेल तर मूळ मानेत असण्याची शक्यता वाढते. रात्री झोपेत पहिली तीन बोटं बधिर होऊन हात झटकल्यावर मोकळी होत असतील, तर बहुधा मनगटातली नस दबतेय. तिथे मानेचे व्यायाम करून उपयोग नाही.

फिजिओथेरपिस्टकडे पहिली भेट

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. चांगला फिजिओ तो भिंतीवरच लावतो. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि बहुतेक जिल्हा रुग्णालयांत हा विभाग असतो.

जाताना गळा मोकळा राहील असे कपडे घाला. जुने रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी आणि चष्मा सोबत ठेवा. चष्म्याचं कारण पुढे येईलच. दिवसातल्या कुठल्या कामाने दुखणं वाढतं आणि कशाने उतरतं, हे आधीच कागदावर लिहून न्या. 'सतत दुखतं' या उत्तरातून काहीच कळत नाही. 'पोळ्या लाटताना दहाव्या मिनिटाला उजव्या बाजूला सुरू होतं' यातून निम्मं निदान होतं.

तपासणीत मान दोन्ही बाजूंना किती वळते ते पाहतात. तरुण निरोगी मान एका बाजूला साधारण ७० ते ८० अंश वळते, म्हणजे हनुवटी जवळजवळ खांद्याच्या रेषेत येते. मग खांद्याची पाती, पाठीचा वरचा भाग, हातांची ताकद आणि बोटांची संवेदना. त्यानंतर उताणं झोपवून, हनुवटी आत घेऊन डोकं उशीपासून बोटभर वर उचलून धरायला सांगतात. निरोगी माणूस हे साधारण अर्धा मिनिट पेलतो. जुन्या मानदुखीत त्याआधीच, काहींची तर दहा-बारा सेकंदांतच हनुवटी पुढे येते, मान थरथरू लागते. हा आकडा लिहून ठेवा. बारा आठवड्यांनी पुन्हा मोजायचा आहे, आणि 'फरक पडला का?' या प्रश्नाला यापेक्षा प्रामाणिक उत्तर नाही.

आता 'मशीन लावणं'. शेक, करंट, अल्ट्रासाउंड यांनी वेदना तात्पुरती उतरते, हे खरं. तेवढ्या वेळात मान हलवता यावी, व्यायाम सुरू करता यावा म्हणून ते वापरायचं असतं. पण दहा दिवस जाऊन नुसतं मशीन लावून घ्यायचं आणि एकही व्यायाम न शिकता घरी यायचं, ही फिजिओथेरपी नव्हे. तिसऱ्या भेटीपर्यंत घरी करायचा व्यायाम कुणी शिकवला नसेल तर मागून घ्या, नाहीतर जागा बदला. रोज जायचीही गरज नसते. शिकण्यासाठी, तपासून घेण्यासाठी आणि पुढचा टप्पा ठरवण्यासाठी दोन महिन्यांत सहा ते दहा भेटी बहुतेकांना पुरतात.

व्यायामाआधी एक मोजपट्टी

शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे सहन न होणारी. व्यायाम करताना वेदना तीन-चारपर्यंत गेली तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती पूर्वपदावर आली पाहिजे. आली नाही तर व्यायाम बंद करायचा नाही, वेळा निम्म्या करायच्या. हातात कळ किंवा मुंग्या आधीपेक्षा खाली सरकल्या, कोपरापर्यंत होत्या त्या बोटांत आल्या, तर तो व्यायाम त्या दिवशी थांबवा आणि फिजिओला कळवा. उलट बोटांतलं दुखणं वर खांद्याकडे आलं आणि मान जरा जास्त दुखायला लागली, तर घाबरू नका. ती सहसा सुधारणेची खूण असते.

पहिले सहा आठवडे: कामचुकार स्नायूंना जागं करणं

सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम दिसायला इतका क्षुल्लक आहे की निम्मे लोक तो करतच नाहीत, आणि उरलेल्यांतले बरेच चुकीचा करतात. म्हणून जरा सावकाश सांगतो.

उताणे झोपा. पलंग नको, सतरंजी किंवा चटई. गुडघे वाकवलेले, तळवे जमिनीवर. डोक्याखाली टॉवेलची घडी, दोन-तीन सेंटिमीटर जाड, इतकी की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. पाठीला पोक असेल तर घडी जाड लागते. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. आता आधी डोळे पायांकडे न्या आणि त्यांच्यामागून हनुवटी किंचित गळ्याकडे झुकू द्या. कुणी काही विचारल्यावर आवाज न करता, नुसतं मानेने 'हो' म्हणतो, तेवढंच. डोकं टॉवेलवर घसरतं. उचललं जात नाही, खाली दाबलंही जात नाही. तिथे पाच सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा, परत या. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. आठ-दहा दिवसांत पाचाचे दहा सेकंद करा.

बरोबर होतंय का ते ओळखायला दोन बोटं गळ्याच्या बाजूला, त्या दोरीसारख्या स्नायूवर हलकेच ठेवा. तो बोटांखाली टणक झाला, वर उठून आला, म्हणजे तुम्ही जोर जास्त लावलात आणि काम पुन्हा मोठ्या स्नायूकडेच गेलं. हालचाल निम्मी करा. इतर चुका ओळखू येण्यासारख्या असतात: श्वास रोखणं, जबडा आवळणं, मान जमिनीत रुतवणं. व्यायाम बरोबर होतो तेव्हा 'काही होतच नाहीये' असं वाटतं. तसं वाटायलाच हवं. फिजिओकडे मानेखाली ठेवायची हवेची पिशवी आणि तिला जोडलेला, दाब दाखवणारा काटा असतो. २० पासून सुरू करून दोन-दोनच्या पायऱ्यांनी ३० पर्यंत, प्रत्येक पायरीवर दहा सेकंद काटा स्थिर ठेवायचा. ऑस्ट्रेलियातल्या ग्वेन्डोलेन जुल यांच्या गटाने रूढ केलेली ही पद्धत. निरोगी मान साधारण २६ ते ३० पर्यंत जाते. जुन्या दुखण्यात सुरुवातीला २२-२४ लाच काटा थरथरतो.

याच्या जोडीला मान मोकळी करायची. खुर्चीत पाठ टेकून बसा. मान उजवीकडे, ओढ सुरू होईल तिथपर्यंत वळवा, दोन सेकंद थांबा, मधे या, डावीकडे. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. मान गोल गोल फिरवायची मात्र नाही. शाळेच्या कवायतीत शिकवलेला तो प्रकार चिडलेल्या सांध्यांना नकोसा होतो आणि अनेकांना त्याने गरगरतं.

ताणाचा एकच प्रकार घ्या, पण नीट. उजव्या हाताचा तळवा उजव्या मांडीखाली दाबून बसा, म्हणजे खांदा वर येणार नाही. मान डावीकडे वळवून नजर डाव्या काखेकडे न्या आणि डाव्या हाताने डोक्याला नुसता आधार द्या, ओढू नका. खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यापासून मानेपर्यंत ताण जाणवतो, बहुतेकांची 'इथेच दुखतं' म्हणून बोट ठेवायची जागा हीच. वीस ते तीस सेकंद, तीन वेळा, मग दुसरी बाजू. हातात मुंग्या येत असतील तर हा ताण सध्या वगळा. चिडलेल्या नसेला ओढलेलं आवडत नाही.

मान जिथे रोवलेली आहे ती पाठ ताठर असेल तर मानेला दोघांचं काम करावं लागतं. म्हणून टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती आडवी, खांद्याच्या पात्यांच्या मधोमध पाठीखाली ठेवा, हात डोक्यामागे बांधून कोपरं मोकळी सोडा आणि दोन मिनिटं शांत श्वास घ्या. हाडं ठिसूळ झाली असतील तर गुंडाळी फार बारीक ठेवा किंवा आधी विचारून घ्या.

तिसऱ्या आठवड्यापासून रबरी पट्टा. थेराबँड म्हणून मेडिकल किंवा खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. पिवळा सैल, मग लाल, हिरवा, निळा, काळा. रंगांचा क्रम कंपनीगणिक बदलू शकतो, दुकानात ओढून बघा. नवख्याने पिवळ्या किंवा लालपासून सुरुवात करावी. खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर अडकवा, दोन्ही टोकं धरा आणि कोपरं अंगालगत ठेवून मागे ओढा. खांद्याची पाती मागे-खाली सरकली पाहिजेत. खांदे कानांकडे चढले तर पट्टा फार कडक आहे. दहाच्या दोन फेऱ्यांपासून पंधराच्या तीनपर्यंत न्या आणि मगच पुढचा रंग. एक दिवसाआड पुरे.

पुढचे सहा आठवडे: ताकद

इथे बहुतेक लोक गळतात, कारण तोवर दुखणं निम्म्याने उतरलेलं असतं. दुखणं उतरणं आणि मान दिवसभराच्या कामाला पुरी पडणं यांत अंतर आहे. फिनलंडमध्ये जुनी मानदुखी असलेल्या १८० कार्यालयीन महिला कर्मचाऱ्यांवर वर्षभर झालेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मानेच्या ताकदीचा किंवा दमसासाचा नियमित व्यायाम केलेल्या गटांना नुसते ताण आणि चालणं सांगितलेल्या गटापेक्षा स्पष्ट जास्त फायदा झाला.

सुरुवात तळहाताने. तळवा कपाळावर, डोकं तळव्यावर दाबा, तळवा तितकाच उलट दाबेल, डोकं हलणार नाही. जोर पूर्ण ताकदीच्या पाव हिस्सा. दहा सेकंद, पाच वेळा. मग डोक्यामागे, मग दोन्ही बाजूंना. हनुवटी पुढे काढून हे करायचं नाही. आधी तो 'हो', मग दाब. आठवड्याला जोर थोडा वाढवत निम्म्याच्या वर न्या. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी श्वास अजिबात रोखू नये, हवं तर आकडे मोठ्याने मोजावेत.

त्यानंतर उताणं झोपून आधी 'हो', आणि हनुवटी तशीच ठेवून डोकं टॉवेलपासून दोन सेंटिमीटर वर. पाच सेकंद, पाच वेळा. पुढे दहा सेकंद, दहा वेळा. हनुवटी पुढे सरकली की तिथेच थांबा.

वेळच नाही म्हणणाऱ्यांसाठी एक तोडगा. डेन्मार्कमध्ये १९८ कर्मचाऱ्यांवर दहा आठवडे झालेल्या अभ्यासात रबरी नळीने दोन्ही हात बाजूला उचलण्याचा एकच व्यायाम दिला होता. काहींना दिवसाला बारा मिनिटं, काहींना फक्त दोन, आठवड्यातून पाच दिवस. दोन मिनिटंवाल्यांचंही मान-खांद्याचं दुखणं स्पष्ट कमी झालं. पट्टा पायाखाली दाबून उभे राहा, कोपरं किंचित वाकलेली, हात बाजूला आणि जरासे पुढे, खांद्याच्या उंचीपर्यंत. हळू वर, हळू खाली. चहा उकळेपर्यंत होतं.

बसणं: एक आदर्श स्थिती शोधत बसू नका

'ताठ बस' या सूचनेने आजवर फारशा माना बऱ्या झालेल्या नाहीत. सैनिकासारखं ताठ बसून वीस मिनिटांत पाठ भरून येते आणि माणूस दुप्पट घसरतो. मान ६० अंश वाकवली की तिच्यावर २७ किलोचा भार पडतो, असं चित्र सगळीकडे फिरत असतं. तो २०१४ सालचा आकडा गणिती प्रतिमानातून काढलेला आहे, कुणाच्या मानेत मोजलेला नाही. मान वाकवण्यात विष नाही; त्याच एका स्थितीत तासभर गोठून राहण्यात त्रास आहे. दर अर्ध्या तासाने अर्धा मिनिट उठा, खांदे मागे न्या, मान दोन्हीकडे वळवा. फोनवर बोलायचं तर उभं राहून बोला.

तरी मांडणी चुकीची असेल तर उठून किती वेळा वाचणार? पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, अंतर हातभर. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक जोडलेले असल्याने एकतर मान वाकते नाहीतर खांदे चढतात. दिवसाला दोन तासांहून जास्त काम असेल तर लॅपटॉप पंधरा-वीस सेंटिमीटर उंचीवर, जाड पुस्तकांच्या गठ्ठ्यावरसुद्धा चालेल, आणि कळफलक-माऊस वेगळे. एवढा खर्च महागड्या उशीपेक्षा जास्त कामाला येतो.

टेबलं साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात, आणि पाच फूट उंचीच्या बाईला ती उंच पडतात. खांदे उचलून टाइप करावं लागतं आणि दुपारपर्यंत ट्रपिझियस दगड होतो. टेबल कापता येत नाही. खुर्ची वर घ्या, कोपरं टेबलाच्या पातळीला आणा आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली दहा-बारा सेंटिमीटरचा पाट ठेवा.

आणि तो चष्मा. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांतून जवळचं बघायचं तर खालच्या भागातून बघावं लागतं, म्हणून माणूस हनुवटी वर करून, मान मागे मोडून पडदा वाचतो. व्यायाम चोख होऊनही दुखणं हटत नाही, तेव्हा पंचेचाळिशीपुढच्या लोकांत हे आधी तपासावं. पडदा नेहमीच्या उंचीपेक्षा बराच खाली आणा किंवा फक्त कॉम्प्युटरसाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या.

ओट्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. चिरणं-लाटणं कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली व्हावं. ओटा बुटका पडत असेल तर पोळपाटाखाली जाड लाकडी पाट ठेवा; उंच पडत असेल तर तोच पाट पायाखाली घ्या. विळीवर पालेभाजी निवडायची-चिरायची तर पंधरा मिनिटांच्या हप्त्यांत. लोकलमध्ये मोबाइल बघताना मोबाइलवाल्या हाताचं कोपर दुसऱ्या हाताने तोला, पडदा आपोआप छातीपर्यंत वर येतो. लॅपटॉपची सॅक दोन्ही खांद्यांवर. एसटीत पेंग येत असेल तर गळ्याभोवतीची उशी घ्या. झोपेत लोंबणारी मान आणि खड्डे ही जोडी वाईट.

उशी, पट्टा आणि कटकन आवाज

कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांदा आणि कान यांच्यामधलं अंतर भरून काढेल इतकी जाड हवी, उताण्या झोपणाऱ्याची पातळ. दोन उशा नकोत, उशीशिवायही नको. पालथं झोपलं की मान रात्रभर एकीकडे वळलेली राहते. ती सवय मोडायला पोटाशी एक लोड धरून कुशीवर झोपा. यापलीकडे उशीच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

मानेचा पट्टा म्हणजे कॉलर अपघातानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा नस तीव्र चिडलेली असताना डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. जुन्या दुखण्यात महिनोन्‌महिने पट्टा घालणं म्हणजे आधीच काम टाकलेल्या स्नायूंना पगारी रजा.

केशकर्तनालयात डोक्याच्या मालिशनंतर मान झटका देऊन 'मोडून' देतात, ती मोडून घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन सध्या बाजूला ठेवा. बाकी योगासनं मानेला झटका न देता चालतील. गरम शेक पंधरा मिनिटं, पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून आठवडेच्या आठवडे घेऊ नका, पोट आणि मूत्रपिंड दोन्हीला महाग पडतं.

दुखणं पुन्हा उसळलं तर

उसळणारच. लग्नघरातली धावपळ, मार्चअखेरची कामं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दोन रात्रींची अपुरी झोप, कशानेही. अशा वेळी सगळं बंद करून पडून राहणं आणि दात-ओठ खाऊन तेवढेच व्यायाम रेटणं, दोन्ही चूक. तीन दिवस रबरी पट्ट्याचे आणि ताकदीचे व्यायाम थांबवा. झोपून करायचा 'हो' आणि मान वळवणं चालू ठेवा, वेळा निम्म्या. शेक घ्या. वीस-तीस मिनिटं हात मोकळे हलवत चाला. चौथ्या दिवशी आधीच्या आठवड्याच्या मापाला परत या. दहा दिवसांत ओसरलं नाही किंवा वर सांगितलेली धोक्याची एखादी खूण दिसली, तर पुन्हा तपासणी.

सुधारणा रोज मोजू नका, रोजच्या चढ-उताराने मन विटतं. चार आठवड्यांनी एकदा मोजा. फिजिओ त्यासाठी मानेच्या त्रासाची एक प्रश्नावली भरून घेतात: दहा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते पाच गुण, एकूण ५०. वाचन, झोप, गाडी चालवणं, उचलणं असं रोजचंच त्यात असतं. दोन-तीन गुणांचा फरक धरू नका; दहाने आकडा उतरला तर काम होतंय.

बारा आठवड्यांनी डोकं बोटभर वर उचलून धरायची ती चाचणी पुन्हा करा. दहा सेकंदांचे पंचवीस-तीस झाले असतील तर व्यायाम आठवड्यातून दोन दिवसांवर आणा, पट्ट्याचे आणि तळहाताचे, मिळून पंधरा मिनिटं. आकडा हललाच नसेल तर पहिल्या व्यायामाकडे परत जा आणि दोन बोटं गळ्यावर ठेवून बघा. बहुतेकदा चूक तिथेच सापडते.